तातेराव नापास

शिरड शहापूर,
वैशाखातला मंगळवार, ऊन मरणाचं

पुसेगावकर सोयरे व्यंकटराव यांना,

वडीलधारे म्हणावं तर आपण माझ्यापेक्षा दोन-तीन उन्हाळे लहान, धाकटे म्हणावं तर मुलीकडचे असूनही लग्नात आमच्यापेक्षा जास्त मानपान घेऊन गेलेले. म्हणून वयाचा हिशोब बाजूला ठेवतो आणि हात जोडून रामराम करतो, तो घ्यावा. आपला गुडघा आता कसा आहे? सिंधूबाईंच्या शेळीला दोन करडं झाली असं कळलं, फार आनंद झाला (शेळीलाही तसं सांगावं). इकडं आमी सगळे ठीक. रुक्माबाईची दाढ काढली, त्यामुळं चार दिवस घरात शांतता होती. आता तिचं तोंड बरं आहे. सूनबाई पुनम तिकडं माहेरी आली आहे, तिला पाहिजे तेवढं राहू द्या. तिचं काम काय, लॅपटॉप उघडला की कुठूनही चालतं. फक्त तो पत्र्याखाली ठेवू देऊ नका, तापतो.

पत्र लिहायचं कारण तो व्हिडिओ. आपण पाहिला नसेल असं मी धरून चालत होतो, पण साखरा गावच्या पाव्हण्यानं मला तो पाठवला आणि वर लिहिलं की मला पुसेगावातून आला. म्हणजे आपल्या दारावरूनच गेला. त्यात हळदीच्या पोत्यांवर उभा राहून हातवारे करून राहिलेला जो माणूस दिसतो तो मीच. माझा घसा बसलेला नव्हता, व्हिडिओत तसा ऐकू येतो. पण त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे त्यात नाही, आणि ते आपल्याला माझ्याकडून कळावं असं मला वाटलं. फोनवर सांगता आलं असतं, पण फोन वाजला की पुनम जवळच असते आणि काही गोष्टी दोन सोयऱ्यांनी कागदावरच बोलाव्यात.

पुनम नेमकं काय करते, हे आपण सोयरिकीच्या बैठकीत सांगितलं होतं: "कंप्युटरमधी आहे." तेवढ्यावर आमी होकार दिला. पुढं गावात कोणी विचारलं की मीही तेच सांगायचो आणि मग लोक बंद पडलेले मोबाइल, टीव्हीचे रिमोट, एकदा तर पिठाच्या गिरणीची मोटर घेऊन दारात उभे राहायला लागले. शेवटी मीच एका दुपारी माडीवर तिच्या खोलीत जाऊन बसलो आणि म्हटलं, आता मला नीट समजावून सांग. ती म्हणाली, मामा, लोक वेबसाइट बनवतात ना, त्या बनवायला जो तयार सांगाडा लागतो तो आमची कंपनी करते. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. फॉर्म कसा भरून घ्यायचा, नाव कसं साठवायचं, पावती कशी छापायची, हे प्रत्येकानं पहिल्यापासून करत बसू नये म्हणून आमी ते आधीच करून ठेवतो. त्याच्यावर शेकडो साइटी उभ्या आहेत. आमच्याकडं एक खिळा ढिला झाला की तेवढ्या सगळ्या घरांची दारं हलतात.

इथपर्यंत मला पटलं. पण तिचं काम मी जसजसं बघत गेलो तसतसं एक गोष्ट डोक्यात बसंना. ती एक काम लिहायची आणि मग ते काम बराबर झालं का हे तपासणारं दुसरं काम लिहायची. त्याला टेस्ट म्हणतात. आणि तपासणीच्या फायली मूळ कामापेक्षा लांब! मी म्हटलं, "पहिल्याच वेळी नीट काहून करत न्हाईस? तपासायची तकलीफ तरी वाचंल."

ती हसली. म्हणाली, "मामा, आज नीटच केलंय. पण उद्या दुसरं कोणी शेजारचं काही बदलंल, आणि माझं मोडलं हे त्याला कळणारही न्हाई. तवा मी तिथं नसते. ही टेस्ट असते."

टेस्ट पास झाली की पडद्यावर हिरवी ओळ, नापास झाली की लाल. सगळ्या हिरव्या झाल्याशिवाय काम पुण्याला जात नाही. हे रंगाचं मला लगेच समजलं, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या समजण्यातूनच झाला.

मी टेस्टर कसा झालो तेही सांगतो, कारण या कामाबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत. एकदा तिनं मला सहज म्हटलं, मामा, हा फॉर्म भरून बघा बरं, तुमाला जसा सुचंल तसा. मी भरला. नावाच्या जागी मी माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव, कंसात 'माजी चेअरमन' आणि पुढं मुक्काम पोस्ट लिहिलं, कारण नुसतं तातेराव लिहिलं तर या भागात चार तातेराव आहेत आणि त्यातला एक चांगला माणूस नाही. मोबाइल नंबर मी मराठी आकड्यात लिहिला. मग बटण दाबलं, काही झालं नाही म्हणून परत दाबलं, परत दाबलं, आणि पडदा पांढरा झाला. मी घाबरून हात मागं घेतला. तर पुनमनं टाळ्या वाजवल्या! म्हणाली, मामा, तुमी एका फॉर्ममधी तीन चुका काढल्या, आमच्या पुण्याच्या पोरांना महिन्यात सापडल्या न्हाईत. व्यंकटराव, माझ्या चुका काढायच्या सवयीला या घरात पहिल्यांदाच कोणी टाळी दिली. रुक्माबाई दारात उभी होती, ती म्हणाली, "आता ह्यांना कोण आवरतंय." आणि खरंच, त्या दिवसापासून मी रोज जेवणानंतर माडीवर जायला लागलो. चावडीवर मी टेस्टर असल्याचं सांगितलं. काहींना ते टोस्टर ऐकू आलं.

पण बाहेरून वाटतं तितकं हे काम सोपं नाही, हे आपल्याला मुद्दाम सांगतो. डोळ्यांतून पाणी येतं. कंबर धरते. एका जागी बसून बसून पायाला मुंग्या येतात, आणि ज्याचा गुडघा आधीच दुखतो अशा माणसानं तर या वाटेला जाऊच नये. वर नियम किती! एका वेळी एकच बदल करायचा. बदल कशासाठी केला ते शब्दात लिहायचं. आणि कोणाचंही काम, कितीही हुशार असो, दुसऱ्या माणसानं ओळ न् ओळ वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही. हा शेवटचा नियम ऐकून मला रागच आला. मी म्हटलं, हा अविश्वास झाला. मी सोसायटीत दोन टर्म चेअरमन होतो, समोर आलेल्या कागदावर सही केली, एकदाही वाचला नाही, सोसायटी बुडली का? (बुडली, पण माझ्यानंतर.) पुनम अशा वेळी नुसती समोरच्याकडं बघते. हे तिनं आपल्याकडून घेतलं की सिंधूबाईंकडून, ते कळवावं.

आता तो दिवस. रुक्माबाईची दाढ सुजली होती. आपला जावई शिवशंकर हळदीची पोती भरण्यात गुंतलेला, म्हणून पुनमच सासूला घेऊन हिंगोलीला दातांच्या डॉक्टरकडं गेली. जायच्या आधी तिनं पुण्याच्या एका पोराचं काम आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं आणि त्याच्यावर सगळ्या टेस्ट लावून दिल्या होत्या, त्यांना वेळ लागतो. मला म्हणाली, मामा, पंखा चालू ठेवा, लाइट गेली तर फोन करा, बाकी कशाला हात लावू नका. मी म्हटलं, बिनधास्त जा. तसा मी तिथंच बसून राहिलो. हिरव्या ओळी एकामागून एक येऊन राहिल्या होत्या, बघायला छान वाटतं, पेरणीनंतरच्या रानासारखं. आणि एकदम मधे लाल ओळ. मग आणखी एक. आणि आणखी.

माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. पण 'फेल' हा शब्द मी मॅट्रिकच्या निकालात दोनदा पाहिलेला आहे, तो मी कुठंही ओळखतो. आणि त्या शब्दाच्या शेजारी, तिन्ही लाल ओळींत, इंग्रजी अक्षरांत माझं नाव होतं. तातेराव. फेल. तातेराव. फेल. मला आधी वाटलं आपण चुकीचं वाचून राहिलो. चष्मा पुसला. नाव माझंच. पोरीनं टेस्टला माझं नाव दिलं होतं, मी काढलेल्या चुका परत होऊ नयेत म्हणून. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की तातेराव नापास, तेही लाल रंगात, आणि हे सगळं आता पुण्याला दिसणार. खाली बारीक अक्षरांत असंही लिहिलं होतं की 'तातेराव' पाहिजे होतं आणि 'तात' मिळालं. हे मी वाचलं, व्यंकटराव. मला वाटलं मशीन निदान मोठेपणाच्या मानानं तात म्हणून राहिली.

मी पुनमला फोन लावला. रेंज नाही. परत लावला. (ती तेव्हा आत होती आणि रुक्माबाई डॉक्टरचा हात धरून ओरडून राहिली होती, असं कळलं.) मग मी विचार केला. चेअरमन असताना विचार करून जे जे केलं ते सगळं अंगाशी आलं, हे तेव्हा आठवायला पाहिजे होतं. पुनम काम करताना मी एक बघून ठेवलं होतं: ओळीच्या आधी ती फुली-फुलीचं एक चिन्ह टाकते आणि ती ओळ झोपते. असते, पण नसल्यासारखी. मी माझ्या नावाच्या तिन्ही टेस्ट शोधल्या आणि त्यांच्या ओळी एक एक करून झोपवल्या. एका बोटानं टाइप करायला बराच वेळ गेला, घाम आला. मग वरचा बाण दाबला की मागची आज्ञा परत येते हेही मी बघून ठेवलं होतं. बाण दाबला, एंटर दाबला. टेस्ट परत धावल्या. सगळं रान हिरवं! परत बाण, परत एंटर, दोन-तीनदा, आणि खाली काहीतरी सरसर धावलं आणि थांबलं. (त्या बाणानं मागची पाठवायची आज्ञाही वर आली आणि काम पुण्याला गेलं, हे नंतर कळलं.) मी पंखा आणखी एक नंबरनं वाढवला आणि खाली येऊन चहा घेतला. खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी फार बरं वाटलं. सुनेच्या कामावरचा डाग पुसला असं वाटलं.

पुण्यात पुनमच्या वर शितल मॅडम म्हणून आहेत. कोणाचंही काम वाचून हो म्हणायचं ते त्या करतात. त्यांनी मोबाइलवर बघितलं: पुनमचं नाव, सगळं हिरवं. त्या एका साखरपुड्यात होत्या. न वाचता हो म्हणाल्या. (हे त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून लिहितो.) आणि नवा फ्रेमवर्क सगळ्या साइटींसाठी सुटला. इकडं पुनम संध्याकाळी सासूला घेऊन आली, रुक्माबाईला ताप होता, पुनमनं लॅपटॉप मिटला आणि तिच्या उशाशी बसली. मीही काही सांगितलं नाही. मला वाटलं सांगायला काही उरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि शिवशंकर हळद घेऊन खरेदी केंद्रावर गेलो. केंद्र कोणाचं ते लिहीत नाही, त्यांचा यात दोष थोडा. त्यांनी यंदा वेबसाइटवर टोकन काढायची सोय केली होती आणि ती साइट नेमकी पुनमच्या कंपनीच्या सांगाड्यावर उभी. वर त्यांनी असं करून ठेवलं होतं की नवा सांगाडा आला की आपोआप घ्यायचा, न तपासता. सकाळी फाटकाशी ट्रॅक्टरची रांग, प्रत्येकाच्या हातात पावती. माणूस माइकवरून नाव पुकारणार, त्यानं आत जायचं. त्यानं पहिलं नाव पुकारलं: "शिव!"

आपण नागनाथाच्या छायेतली माणसं. आपल्याकडं दहा पोरांत चार शिव असतात. शिवशंकर, शिवहार, शिवाजी, शिवराम, शिवलिंग, शिवदास, आणि हळद विकायला आलेली एक शिवकन्याही. सगळे उठले. सगळ्यांनी पावत्या दाखवल्या आणि सगळ्यांच्या पावतीवर नुसतं 'शिव'. माइकवाला म्हणाला, बरं, पुढचं नाव घेतो: "सोन!" त्याला तीन सोनाजी आणि एक सोनबा उठले. मग त्यानं पुकारलं: "पुं... पुं..." लोकांना वाटलं मागून गाडी आली, सगळे बाजूला सरकले. ते आमच्या गावचे पुंजाजी होते, बिचारे पावती हातात धरून उभे, आपल्यालाच हाका मारून राहिले हे त्यांना कळेना. ढकलाढकली सुरू झाली. दोन शिव एकमेकांच्या अंगावर गेले. ऊन चढलं होतं, पोरगं कडेवर घेऊन एक बाई रडायला लागली, आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण अशा वेळी बोलायची सवय मलाच.

चौघांनी हात देऊन मला पोत्यांवर चढवलं. पुढचं आपण पाहिलं आहे. मी म्हटलं, हे ज्या कोण्या शहाण्यानं केलं त्यानं आयुष्यात कधी माणसाचं नाव ऐकलं न्हाई का? म्हटलं, त्याला इथं आणा, उन्हात उभा करा आणि सगळ्यांची पूर्ण नावं म्हणायला लावा. म्हटलं, असल्या माणसाच्या घरच्यांना तरी लाज वाटली पाहिजे. टाळ्या पडल्या. शिट्टीसुद्धा पडली. व्हिडिओ तिथं संपतो.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पुनम. तिचा आवाज पळत आल्यासारखा.

"मामा, तुमी केंद्रावर हाव ना? तिथं पावतीवर नावं कापून येतात का?"

म्हटलं, "व्हय. सगळ्यांची."

"तुमच्या पावतीवर काय आलंय?"

मी पावती खिशातून काढली. तोवर मी ती वाचलीच नव्हती, शिवशंकरनं दोन टोकनं काढली होती, एक त्याच्या नावाचं, एक माझ्या. माझ्या पावतीवर छापलं होतं: तात.

मी म्हटलं, "रेंज न्हाई," आणि फोन ठेवला. वर चढताना चौघांनी हात दिला होता, खाली मी एकटाच उतरलो, घसरत. कोणाला काही सांगितलं नाही. मग मी माइकवाल्याकडं गेलो, त्याच्या हातातला पेन घेतला आणि म्हटलं, पावत्या माझ्यापुढं आणा. या भागातल्या माणसांचं नाव, बापाचं नाव, गाव, हे मला विचारावं लागत नाही. निवडणुका लढवल्या त्याचा एवढा एकच फायदा झाला. दुपारपर्यंत मी प्रत्येक पावतीवर पूर्ण नाव लिहून दिलं. शिवहार, शिवदास, प्रत्येक जण आपापल्या नावानं आत गेला. पुंजाजींचं नाव मी स्वतः माइकवर, बापाच्या नावासकट घेतलं. लोक म्हणाले, तातेराव, तुमी होते म्हणून निभावलं. प्रत्येक वेळी ते वाक्य ऐकलं की मला उन्हात चक्कर आल्यासारखं व्हायचं. आमची हळद सगळ्यात शेवटी गेली. भाव काय मिळाला हे शिवशंकरला विचारा, मी ऐकलाच नाही.

घरी आलो तेव्हा पुनम माडीवर बसली होती. लॅपटॉपवर चौकोनाचौकोनात पुण्याची माणसं. तिनं तोवर मोडलेलं दुरुस्त करून पाठवलं होतं, पण आता चौकशी चालू होती की हे सुटलंच कसं. मी दाराबाहेर, जिन्यावर थांबलो. ऐकू येऊन राहिलं होतं. कोणीतरी विचारलं, पुनम, ह्या तीन टेस्ट तुझ्या मशीनवरून बंद झाल्यात, कारणही लिहिलेलं नाही, असं तू कधी करत नाहीस. आणि पुनम म्हणाली, "माझ्या मशीनवरून गेलं, म्हणजे जबाबदारी माझी. लॅपटॉप उघडा ठेवून गेले ही चूक माझी." बस, एवढंच. तिला माहीत होतं, व्यंकटराव. तिन्ही टेस्ट माझ्याच नावाच्या, एका बोटानं टाइप केल्यासारखी वेडीवाकडी खूण, आणि दिवसभर खोलीत मी एकटा. तरी तिनं माझं नाव घेतलं नाही. आपली लेक आहे म्हणून सांगत नाही, पण त्या जिन्यावर मला जेवढी लाज वाटली तेवढी दोन टर्ममधे मिळून वाटली नव्हती.

मी आत गेलो. अंगावर हळद, डोक्यावर टोपी तशीच. पुण्याच्या लोकांना वाटलं पंखा दुरुस्त करायला कोणी आलं, एक जण म्हणाला, काका, नंतर या. मी म्हटलं, "मी तातेराव. नापास झालेला. ते मीच केलं." आणि सगळं सांगितलं. मॅट्रिकच्या निकालापासून. पोत्यांवरचं भाषणही सांगितलं, लपवलं नाही. तेव्हा दोन चौकोनांत लोक तोंडावर हात ठेवून बसले.

आता मी वाट बघत होतो की शिव्या कधी पडतात. आमच्या सोसायटीत काही बिघडलं की आमी आधी माणूस शोधायचो, तो सापडला की बैठक संपायची. इथं भलतंच. शितल मॅडम म्हणाल्या, "काका, तुमी चुकलात ते खरं. पण उघडा लॅपटॉप, न वाचता दिलेला माझा होकार आणि टेस्ट झोपवली तरी गप्प बसणारी मशीन, हे तिन्ही नसतं तर तुमच्या हातून काही झालंच नसतं." मग त्यांनी सगळ्यांसमोर साखरपुड्याचं सांगितलं. ज्या पोरानं लांब नाव पावतीत मावंल असं कापायची रीत बदलली होती तोही बोलला. काम झटपट व्हावं म्हणून त्यानं अक्षरं मोजायची सोडून त्यांची मशीनमधली जागा मोजली होती. इंग्रजीची दहा अक्षरं मावतात तिथं आपली तीनच मावतात म्हणे, कारण मशीनच्या लेखी आपलं एक अक्षर तिप्पट जागा खातं आणि काना-वेलांटी त्याहून वेगळी मोजली जाते. म्हणून 'शिव' पुरता मावला आणि बाकीचा शंकर बाहेर. मी विचारलं, बाळा, तुझं नाव काय? म्हणाला, ओम. मग त्याला तरी कुठून कळावं.

त्या दिवसापासून त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या. टेस्ट झोपवायची असेल तर कारण लिहायचं, नाहीतर मशीनच काम परत फिरवते. शितल मॅडमनी मोबाइलवर हो म्हणायचं बंद केलं. आणि लॅपटॉप सोडून उठलं की त्याला आपोआप कुलूप. हे कुलूप चांगलं आहे, पण ते मी खोलीत आलो की जरा लवकर लागतं असं मला वाटतं.

पुनम माझ्यावर रागावलेली नाही. उलट त्या रात्री माझ्या ताटात तिनं जास्त तूप वाढलं, आणि तेच मला जास्त लागलं. फक्त एवढंच म्हणाली, मामा, लाल ओळ म्हणजे बदनामी नसते, ती हाक असते. मी मान हलवली. मग म्हणाली, आता थोडे दिवस आराम करा. आणि दुसऱ्या आठवड्यात ती तिकडं आली.

तर झालं ते असं. व्हिडिओ कोणी दाखवला तर हे त्याच्यासोबत सांगावं. आपल्यासारखा समजूतदार सोयरा मिळाला हे आमचं भाग्य, असं मी रुक्माबाईला नेहमी म्हणतो (महिन्यातून एकदा तरी).

सिंधूबाईंना नमस्कार, करडांना कुरवाळावं.

चुकलेला, कबूल केलेला, तरीही आपलाच सोयरा,
तातेराव

ता. क. – एक किरकोळ गोष्ट राहिली. परवा पुनमचा फोन आला होता. कंपनीला गावाकडची आणखी माणसं टेस्टिंगला पाहिजेत म्हणे, वेगळी नावं, वेगळी डोकी. ती सहज बोलून गेली की "आमच्या बाबांनाच विचारते, ते घरीच असतात." व्यंकटराव, हात जोडून सांगतो, नाही म्हणा. लग्नसराई आहे म्हणा. डोकं दुखतं म्हणा. काम किती वाईट आहे ते वर मी काही न लपवता लिहिलं आहे. आपल्या अब्रूची मला काळजी वाटते, दुसरं काही नाही.

दुसरा ता. क. – आत्ताच रुक्माबाईनं सांगितलं की आपण नवा चष्मा करून आणला. काय समजायचं ते मी समजलो. निदान एवढं करा की सगळ्याच चुका काढू नका. सापडल्या त्यातल्या थोड्या सोडून द्या, मागून येणाऱ्याला काही राहू द्या.

तिसरा ता. क. – शनिवारच्या सकाळच्या बसनं मी येऊन राहिलो. पुनमला सांगू नका. आंबे आणतो. लॅपटॉपसमोर दोन खुर्च्या मांडून ठेवा. आपली जरा मागं.